काळ्या घुमटासमोरचा रहाटपाळणा

मित्रांनो, मला ‘जायंट व्हील’ म्हणू नका बरं. तसं कुणी म्हटलं की माझी कुरकुर सुरू होते. मी रहाटपाळणा. चार पाळण्यांचा, अस्सल सागवानी, हाताने फिरवायचा, आणि वयाने तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या ‘नवलनगरी’ उद्यानात, फाटकातून आत आलं की डाव्या हाताला मी उभा असतो. तुम्ही माझ्याजवळ थांबता, दोन बोटं वर करून फोटो काढता आणि पाण्याच्या घसरगुंडीकडे पळता. पळा बापड्यांनो! पण आज जरा बसा. मला तुम्हाला एका काळ्या घुमटाची गोष्ट सांगायची आहे. तसलं नवल मी माझ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

माझं लाकूड माहूरच्या डोंगराकडचं. भोकरच्या दगडोबा सुताराने मला घडवलं आणि नांदेडच्या गुलाम रसूलने बैलगाडीत घालून गावोगाव नेलं. तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती. माहूरची जत्रा, माळेगावची जत्रा, कंधारचा उरूस, कुठे म्हणून गेलो नाही? “आओ, आसमान देखके जाओ!” अशी आरोळी तो ठोकायचा आणि पोरांची झुंबड उडायची. काय तो थाट! नवरा-नवरी यायची, म्हाताऱ्या यायच्या, एकदा तर फौजदारसाहेब टोपी काखेत धरून बसले होते. वर गेल्यावर सगळ्यांची तोंडं सारखीच व्हायची. उघडी!

मग किल्लारीकडचा तो भूकंप झाला. पहाटे दगडामातीची घरं झोपलेल्या माणसांवर पडली. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही, माझ्याने बोलवतच नाही. पुढे काही महिन्यांनी, वाचलेले लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते तेव्हा, गुलाम रसूल मला तिथे घेऊन गेला. “पोरं हसली पायजेत,” एवढंच म्हणाला. पोरं काही हसली नाहीत. मी कुरकुरलो की उलट दचकायची. फक्त एक दहा वर्षांची मुलगी पुढे आली, माझ्या पाळण्यात बसली आणि उतरायलाच तयार होईना. तिचं नाव सिंधु. तिची आई आणि दोन भाऊ घराखाली गेले होते.

“उतर की बेटा. डर न्हाई लागत का?” गुलाम रसूलने विचारलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “हितं वर छप्पर न्हाई.”

गुलाम रसूलने मान फिरवली आणि तिला पुन्हा उतर म्हणाला नाही. अंधार पडेपर्यंत ती माझ्यात बसून होती.

वर्षं गेली. विजेवर फिरणारे, दिवे लावलेले उंच उंच पाळणे जत्रेत आले आणि माझ्याकडे कुणी ढुंकून पाहीना. पावसात भिजत, उन्हात तडकत मी नांदेडच्या एका परसात पडून राहिलो. कोंबड्या माझ्यात अंडी घालायच्या! पण नशीब बघा, नवलनगरीचे मालक शेषेराव लहानपणी माळेगावच्या जत्रेत माझ्यात बसले होते. त्यांनी मला शोधून काढलं, नीट केलं आणि गुलाम रसूलसकट इथे आणून उभं केलं. पुढे चाकूरकडच्या एका गावात दिलेली सिंधु इथेच कामाला लागली. पहिल्या दिवशी माझ्या लाकडावर हात ठेवून म्हणाली, “चाचा, ह्यो त्योच ना?” गुलाम रसूलचे डोळे भरून आले. तेव्हापासून ती माझी झाडझूड करते आणि माणसं बसवते.

एक गोष्ट उद्यानात सगळ्यांना ठाऊक होती. सिंधु स्लॅबखाली पाऊल टाकत नसे. तिकिटाच्या खोलीत नाही, जेवणाच्या खोलीत नाही. घरीही ती अंगणात पत्र्याखाली झोपायची. तिला त्यावरून कुणी कधी छेडलं नाही. आमच्या भागात अशी माणसं प्रत्येकाच्या नात्यात असतात.

पण तिची लेक तनुजा लातूरला प्रवेशपरीक्षेच्या क्लासला गेली आणि पंचाईत झाली. लातूरच्या क्लासची दुनिया तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तनुजाची खोली चौथ्या मजल्यावर. सिंधु डबा घेऊन जायची, रस्त्यावरूनच हाक मारायची आणि पोरगी धावत खाली यायची. हिवाळ्यात तनुजाला ताप भरला. तिला उठवेना. सिंधुने पहिल्या पायरीवर पाय ठेवला मात्र, ती तिथेच मटकन बसली. शेवटी शेजारच्या खोलीतल्या मुलीने डबा वर नेला.

बरी झाल्यावर एका रविवारी तनुजा इथे आली. माझ्या पाळण्यात बसून म्हणाली, “आई, परीक्षेआधी सगळ्या पोरींच्या आया येऊन राहतात. मला लई भीती वाटून राहिली. तू येशील का गं?”

सिंधु उठली आणि तेलाची बुधली घेऊन आली. दिवसभर मला तेल घालत बसली. इतकं घातलं, की मला सांगावंसं वाटत होतं, बाई, आता पुरे!

त्याच दिवसांत माझ्या समोर तो घुमट उभा राहिला. काळाकुट्ट, खिडकी नाही की झरोका नाही. शेषेरावांनी आत कसला खेळ आहे ते कुणाला सांगितलं नाही. “उघडल्यावर बघा,” एवढंच म्हणायचे आणि मिशीत हसायचे. झालं! सगळ्यांच्या जिभा सुटल्या. कुणी म्हणे भूतबंगला, कुणी म्हणे आत बर्फ पडणार. क्लासची पोरं म्हणायची, “दार लावून घेतात आणि फिजिक्सचा पेपर सोडवायला लावतात!” मीसुद्धा त्या घुमटाकडे टक लावून बघायचो. अहो, मी म्हातारा असलो म्हणून काय झालं, उत्सुकता सुटते का?

त्या घुमटाच्या दाराशी कोण उभं राहणार, असं मालकांनी विचारलं, तेव्हा सिंधु म्हणाली, “म्या राहते.” आम्ही सगळे चाटच पडलो. मग तिने गुलाम रसूलला खरं कारण सांगितलं. “आधी हितं आत जायला शिकते, चाचा. हितं जमलं तर चौथ्या मजल्यावर बी जमंल.”

मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

आणि मग ती पेटी आली. ट्रकमधून उतरवलेली भली मोठी लाकडी पेटी. तिच्यावर रंगाने नाव लिहिलं होतं, पण दोरखंडाने घासून मधलं अक्षर गेलं होतं. आमचा राखणदार भुजंग वाकून वाकून वाचू लागला. “जल... मधलं पुसलंय... ला.” तो ताडकन उठला. “आरं देवा! जलजला!”

मित्रांनो, दुसऱ्या मुलखात कुणी ती जागा अशी भरली नसती. पण आमच्याकडची जुनी माणसं भूकंपाला अजून जलजला म्हणतात. आम्हाला दुसरं काही सुचलंच नाही. त्यात दुसऱ्या दिवशी घुमटातून घरघर ऐकू आली आणि माझ्या पायाखालची जमीन थरथरली. पट्टे लावलेल्या बैठकाही आत गेल्या. भुजंग सगळ्यांना सांगत सुटला, “आत घर केलंय. माणसं बसवायची आन् घर हलवायचं!” पोरांना मोठी मौज वाटली. सिंधुचं तोंड मात्र पांढरंफटक पडलं. तिने तिथल्या तिथे झाडू खाली ठेवला.

“ह्याच्यात जाऊन मी काय शिकू, चाचा?” ती म्हणाली. “मी उद्यापसून येत न्हाई.” आणि थोड्या वेळाने, “तनुजाला काय सांगू?”

गुलाम रसूलने तिचा झाडू उचलून माझ्या खांबाला टेकवून ठेवला. मला तर तोंडच नाही. माझा जीव नुसता आतल्या आत तुटत होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सिंधु आली, ती कामाला नव्हे. तनुजाला हाताशी धरून तिने शेषेरावांना माझ्यासमोरच गाठलं.

“मालक, माझी माणसं दगडाखाली मेली,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “त्याचा खेळ मांडलाय का तुमी?”

शेषेराव बघतच राहिले. “कसला खेळ?”

“जलजला!” भुजंग मागून म्हणाला. “पेटीवरच लिवलंय की.”

शेषेरावांना उलगडा झाला, तसे ते खालीच बसले, माझ्या ओट्यावर. “सिंधुताई, मी औशाचा, किल्लारीच्या शेजारचा. त्या दिवशी ह्याच हातांनी दगड उपसलेत मी. त्याचा खेळ करीन का? अहो, जललीला हाय ते. पाण्याचा खेळ. ती घरघर पंपाची. मधली ‘ली’ पुसली असंल.”

सगळ्यांच्या माना भुजंगाकडे वळल्या. मग गुलाम रसूल म्हणाला, “भुजंगा, शाळेत तुला एवढंच आलं काय रे, रिकाम्या जागा भरा?” सगळे हसले. भुजंगही ओशाळून हसला. सिंधु हसता हसता रडू लागली.

शेषेराव उठले आणि उद्घाटनाची वाट न बघता त्यांनी घुमटाचं मोठं दार वर सरकवलं. आत काळोख, काळ्या पाण्यावर एक होडी आणि वर लुकलुकणाऱ्या हजारो चांदण्या. तनुजाने आईचा हात धरला. पण सिंधु उंबऱ्यावरच थांबली.

“चांदण्या नंतर,” ती म्हणाली. “आधी साधे दिवे लावा. मला छत बघायचंय.”

मालकांनी ते ऐकलं. चांदण्या विझल्या, पांढरे दिवे लागले. वर लोखंडी तुळया होत्या. सिंधुने मान वर करून प्रत्येक तुळई पाहिली, कुठून कुठे जाते, कशावर टेकली आहे, सगळं विचारलं. शेषेराव शांतपणे सांगत राहिले. बऱ्याच वेळाने ती होडीत बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, “हं. लावा आता तुमच्या चांदण्या.”

काय सांगू मित्रांनो! ज्या लातूरला एकदा रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे छताच्या उंचीवरून पाणी कोसळत होतं. होडी जवळ गेली की पाण्याचा पडदा दुभंगायचा आणि पलीकडे निळं-जांभळं आभाळ उघडायचं. तेच पाणी खालून फिरून पुन्हा वर जायचं. मी आयुष्यभर लोकांना आभाळ दाखवत आलो. आभाळ असं घरात आणून ठेवता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. गुलाम रसूल हात जोडल्यासारखे धरून “या अल्ला, या अल्ला” पुटपुटत होता. आणि त्या सगळ्यात मला दिसत होती ती सिंधु. मान वर, डोळे टक्क उघडे.

होडी परत आली. दोघी चिंब भिजल्या होत्या.

“तुझ्या खोलीत दिवा असतो ना गं?” सिंधुने विचारलं.

“हाव, आई.”

“मग झालं. आधी छत बघून घीन, मग निजू.”

पुढच्या रविवारी तनुजा आली नाही, सिंधुही नाही. माझा पाळणा रिकामा राहिला. मी उगाच वाऱ्यावर हलत फाटकाकडे बघत होतो. दुपारी गुलाम रसूलचा फोन वाजला. तो मला टेकून बसला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

“चाचा, चौथ्या मजल्यावरून बोलून राहिले,” सिंधु म्हणत होती. “पाय लई कापले, पण आले. तनुजा जेवून झोपलीय. मी बी आता जरा आडवी होते.”

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी कशाला तरी भीत असेल. त्याला हसू नका, ओढून नेऊ नका, आणि ‘त्यात काय भ्यायचं’ असं तर मुळीच म्हणू नका. दिवा लावा आणि त्याचं पाहून होईपर्यंत शेजारी उभे राहा.