तेरा फूट, तरी अपुरी

मी शिडी बोलतेय. अस्सल सागवानी, तेरा फुटांची. म्हणजे होते. त्या दुपारची आठवण निघाली की अजूनही माझे सांधे करकरतात.

सुताराने मला रंगारीकाकांसाठी घडवलं. वर्षानुवर्षं काका माझ्यावर चढून भिंती रंगवत आणि काकू खालून डबे देत. माझ्या लांबीचा मला भारी तोरा होता.

त्या दुपारी एका दुमजली घराबाहेर आमचं काम चाललं होतं. अचानक आत धाडकन आवाज झाला. जिना कोसळला! वरच्या खिडकीत घरमालकीणबाई, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. कडेवर पाच महिन्यांची नात. खालची भिंत तडकत चाललेली आणि तिला लागूनच टाकीसाठी खणलेला खोल खड्डा.

काका मला घेऊन धावले. "खिडकी बारा फुटांवर, शिडी तेरा फूट. पोचेल!"

"थांबा!" बाई वरून ओरडल्या. "खड्डा किती रुंद आहे?"

"नऊ फूट. पण आत्ता गणितं कसली घालताय, बाई?"

"नवाचा वर्ग एक्क्याऐंशी, बाराचा एकशे चव्वेचाळीस. बेरीज दोनशे पंचवीस, म्हणजे पंधराचा वर्ग! तिरकी लावायची तर शिडी पंधरा फूट हवी!"

काकांनी ऐकलं नाही. खड्ड्याच्या अलीकडे माझे पाय रोवून त्यांनी मला पलीकडे झुकवलं. माझं डोकं खिडकीच्या चांगलं अडीच फूट खाली आपटलं. मी तर हबकूनच गेले. खिडकीहून मी लांब, आणि पोचत नाही?

"बघत काय बसलात? बांधा!" काकू परांचीचे दोन वासे ओढत आल्या. दोघांनी ते माझ्या पायांना करकचून बांधले आणि माझी लांबी पंधरा फुटांवर नेली. शेजाऱ्यांनी खालून दाबून धरलं. काका वर चढले; आधी त्यांच्या छातीशी बांधलेली नात उतरली, मग बाई. त्या जेमतेम बाजूला झाल्या आणि अख्खी भिंत माझ्यावर आली.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" काकांनी नंतर विचारलं.

"खूप वाटली हो," बाई म्हणाल्या. "म्हणून तर आकडे घोकत होते."

ढिगाऱ्यातून माझ्या सहाच पायऱ्या निघाल्या. आता काकू माझ्यावर चढून फळीवरचे डबे काढतात. माझं एवढंच मागणं आहे: शिडी लावताना नुसतं वर पाहू नका. पायाशी किती जागा सुटतेय, तेही मोजा.