अकरा मिनिटं

मास्तरांनी भाषण लिहायला तीन रविवार घातले होते. चार पानं, जागोजागी लाल शाईच्या रेघा, आणि शेवटी असा एक सवाल की समितीच्या अध्यक्षांची बोलतीच बंद व्हावी. भाषण मात्र बायकोने, म्हणजे बाईंनी, करायचं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मास्तर तिच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गल्ल्यावर बसत. हात तिचे आणि तोंड यांचं, अशी वाटणी होती. "बोलणाऱ्याचे हुलगेही विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात," असं ते सभेला येताना वाटभर बजावत होते. ती "हो" म्हणत होती. तिच्या "हो"चा अर्थ मास्तरांना चाळीस वर्षांत कळलेला नव्हता.

छोट्या दुकानदाराला रीतसर शिकून, परीक्षा देऊन दुकानात पिस्तूल ठेवता यावं की नाही, यावर नगर समिती आज मत देणार होती. गेल्या वर्षी भरदुपारी दोघं जण दुकानात शिरले होते. एकाने मास्तरांना जमिनीवर पाडून गळ्याला सुरा लावला, दुसरा कपाटं उपसत राहिला. बाई पडद्यामागच्या खोलीत होत्या, हातात पोलिसांना लावलेला फोन घेऊन. "दोन मिनिटांत आटपलं हो," मास्तर गिऱ्हाइकांना हसत सांगत. खरं तर त्यांना बंदुकीचीच धास्ती वाटे. ठराव झाला तर लगेच द्यायचा म्हणून बाईंनी परवान्याचा अर्ज आणून ठेवला होता. त्यावर घरातल्या दुसऱ्या माणसाची सही लागे, आणि तो कागद मास्तर दोन महिने खिशात घेऊन फिरत होते. सही कधी करणार विचारलं की त्यांना हटकून चष्मा सापडत नसे.

सभागृह गच्च भरलं होतं. आधी एक डॉक्टरीणबाई ठरावाच्या विरोधात बोलल्या. घरातल्या बंदुकीने घरातलीच माणसं जखमी होतात, मी ती टाके घालून घरी पाठवते, आणि काही पाठवता येत नाहीत, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मास्तरांना ते मनातून पटलं आणि ते बायकोच्या पिशवीतल्या आपल्याच भाषणाकडे चोरासारखे बघू लागले.

मग बाईंचं नाव पुकारलं गेलं. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळत, पण आपली पाळी दुसऱ्याला देता येई. न्हावी उठला, औषधवाली उठली, किराणावाला उठला, आणि तिघांनी आपापली पाळी बाईंना दिली. मास्तरांना याचा पत्ताच नव्हता. "बारा मिनिटं," कारकुनाने नोंद केली.

बाईंनी पिशवीतून एक टेबलावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. चार पानं पिशवीतच राहिली.

"साहेब, मी फोन केलाय," त्या म्हणाल्या. "येताहेत."

आणि गप्प उभ्या राहिल्या.

कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला; तीन रविवारांवर पाणी! दुसऱ्या मिनिटाला अध्यक्ष म्हणाले, "बाई, बोला."

"येताहेत."

चौथ्या मिनिटाला अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. बाई पुन्हा तेच म्हणाल्या, त्याच आवाजात. खोकला थांबला. खुर्च्या कुरकुरायच्या थांबल्या. तेवढ्या मोठ्या दालनात एका लहानशा घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. मास्तरांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. त्यांना दुकानातली तडा गेलेली ती फरशी दिसली, त्या माणसाच्या बाहीचा तेलकट वास आला. दोन मिनिटं कधीच झाली होती. पाच झाली. सात झाली. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, पुरे कर गं. समोर त्यांची बायको होती, आयुष्यभर भिंगातून इवले इवले स्क्रू बघणारी, आणि अख्खं सभागृह तिने न बोलता त्या फरशीवर आणून आडवं केलं होतं. एवढं बळ या बाईत होतं आणि आपण तिला बोलायला शिकवत होतो, या विचाराने ते थक्क झाले.

"आले," अकराव्या मिनिटाला ती म्हणाली. "पोलिसांचा दोष नाही, ते धावतच आले. रस्ताच तेवढा आहे. डॉक्टरीणबाईही खरं बोलल्या. मी कुलपात ठेवीन, परीक्षा दोनदा द्या म्हणालात तर दोनदा देईन. पण या अकरा मिनिटांत आमच्या मदतीला आमच्याशिवाय कुणी नव्हतं. तेव्हा जीव वाचवायचा हक्क आमच्याच हातात द्या."

समितीच्या सातपैकी पाच जणांचे हात ठरावाच्या बाजूने वर गेले. बाहेर डॉक्टरीणबाई थांबल्या होत्या. "माझं मत बदललेलं नाही," त्या म्हणाल्या, "पण वेळ संपता संपेना हो."

दुकानात परतल्यावर मास्तर गल्ल्यावर न बसता भिंतीवरच्या घड्याळांसमोर जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "अगं, त्या दिवशी तू घड्याळाकडे बघत होतीस?"

"फोन लावताना एकदा आणि ते आल्यावर एकदा. मधे नाही." ती दिव्याखाली भिंग पुसत होती. "भिंतीवर चाळीस घड्याळं आहेत, पण मला एकही ऐकू येत नव्हतं. पडद्यामागून तुमचा श्वास मोजत होते. दोनदा थांबला होता. आणि माझ्या हातात नुसता फोन."

मास्तरांनी खिशातून कागद काढला, त्याच्या घड्या उलगडल्या आणि गल्ल्यावर पसरला. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

"पेन दे," ते म्हणाले.