मामीला गायब करणारा काळा

पोस्टरवर किटली हवेत तरंगत होती आणि तिच्यामागे मामी दिसत होती.

दिसायला नको होती. मामा जादूगार, आणि तरंगणारी किटली हा त्याचा सगळ्यात गाजलेला खेळ. काळ्या पडद्यापुढे नखशिखांत काळे कपडे घालून मामीच ती किटली धरते, हे घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं. फोटोत तिचं नाक जरासं चमकलं, म्हणून पोस्टर बनवणाऱ्या भाचीने कॉम्प्युटरवर मामीच्या आकाराचा काळा तुकडा कापून तिच्यावर बसवला. स्क्रीनवर मामी गायब. छापखान्यात मात्र नमुन्याच्या पहिल्याच शीटवर राखाडी मामी, एक हात कमरेवर ठेवून हजर!

"अगं, हे गावभर लागणार!" मामाने डोकं धरलं. "माझी जादू भिंतीभिंतीवर उघडी!"

भाचीने कपाळावर हात मारून घेतला. फोटोतला पडदा चार शायांनी छापला जात होता: निळी, गुलाबी, पिवळी आणि वर काळी. तुकड्यात तिने नुसती काळी टाकली होती. एकटी काळी त्या चौकडीपुढे धुरकट पडणारच. आणि तो मेला स्क्रीन दोन्ही सारखेच दाखवत होता!

तिरीमिरीत तिने तुकड्यात चारही शाया काठोकाठ ओतल्या. नव्या प्लेट्स चढल्या, मशीन खडखडलं. मशीनमनने गठ्ठ्यातली वरची शीट उचलली, तर ती चर्रकन सोलून निघाली. जास्तीची शाई वाळलीच नव्हती; खालच्या शीटवर मामी चिकट चकाकत होती आणि वरचीच्या पाठीवरही उमटली होती.

"एकीच्या दोन बाया झाल्या," मशीनमन म्हणाला.

"एक सांभाळताना नाकी नऊ येतात माझ्या!" मामा ओरडला.

"पुढच्या खेळात किटली सोडून देऊ का?" शेजारीच उभ्या मामीने शांतपणे विचारलं. मामाने कान पकडले.

भाचीला हसू आवरेना. हसता हसताच तिने पडद्यातलं चारही शायांचं प्रमाण मोजलं आणि तुकड्यात नेमकं तेवढंच भरलं. नवी शीट आली. चौघं तिच्यावर वाकली. तिरकी धरली, खिडकीशी नेली. पडदा आणि किटली. बस्स.

"गेली!" भाची टुणकन उडाली. मामाने तिला गरकन फिरवलं.

मशीनमन तेवढा हिरमुसला. "मी तिकीट काढलंय हो. आता सगळं कळल्यावर बघू काय?"

"मला बघा," मामी म्हणाली. "किटली डुलली की माझ्यासाठी टाळ्या वाजवा. इतक्या वर्षांत कोणी वाजवल्या नाहीत."

मशीनमनने शाईच्या हातांनी तिथेच सुरुवात केली. मग भाचीने. मग मामानेही.

मामी लाजली आणि सवयीने, मागे काळा पडदा असल्यासारखी, लपायला सरकली. पण छापखान्याची भिंत पांढरीशुभ्र होती.