वर गेले

ग्लिसरीन लावून झालं, मग साबण लावला, तरी बांगड्या अंगठ्याच्या हाडापाशी येऊन अडत होत्या. रुख्मिणीने हात बेसिनमध्ये धरला होता आणि विजयमाला मॅडम तिचा तळवा दाबून अरुंद करू पाहत होत्या.

"हात सैल सोडा, ताई."

"सैलच हाय, बाई. ऊस तोडून तोडून हाडंच रुंद झाल्यात."

पाडव्याला भरलेल्या बांगड्या होत्या. हिरव्या, काचेच्या. हंगाम संपला, आता पावसाळाभर घरीच हाय, चांगल्या घट्ट भर, असं रुख्मिणीनेच कासारणीला सांगितलं होतं.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचं दार आतून लावलेलं होतं. पंकजा दाराला पाठ लावून उभी होती. ती याच कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. अंगात पांढरा एप्रन, वेणी घट्ट घातलेली.

"माय, लवकर कर ना. पाहुण्यांची गाडी यायलीय."

"निघनात तर काय करू? हात तोडू का?"

"पदराखाली झाकता येतील," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई झाकत," पंकजा म्हणाली. "स्टेजवर सत्काराची शाल घ्यायला हात पुढं करावा लागतोय. खाली समदे खेड्यापाड्यातलेच पालक हायेत. हिरवा चुडा दिसला की संपलं."

मॅडमनी नळ बंद केला. "मग फोडाव्या लागतील."

रुख्मिणीने हात मागे घेतला. "फोडाव्या म्हणू नका, बाई. वाढवाव्या म्हणा."

मॅडमना हा शब्द ठाऊक नव्हता. त्या पुण्याकडच्या होत्या. परभणी जिल्ह्यातल्या या मिशन कॉलेजात येऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती, आणि सगळी चूक झाली होती ती अशाच एका शब्दाने.

पंकजा कॉलेजात आली त्या वर्षी गर्भाच्या पिशवीचं ऑपरेशन झालं म्हणून रुख्मिणी ऊसतोडीला गेली नव्हती. लेकीला घेऊन ती शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला आली. वडील काय करतात, असं मॅडमनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ते वर गेले." दिवाळीनंतर टोळ्या पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांवर निघतात, त्याला रुख्मिणीच्या गावात, पेडगावात, वर जाणं म्हणतात. मॅडमना वर जाण्याचा एकच अर्थ माहीत होता. त्यांनी पेन खाली ठेवलं. रुख्मिणीच्या हातावर हात ठेवला. मृत्यूचा दाखला मागायला त्यांचं मन धजलं नाही. मी स्वतः खात्री केली आहे, असं त्यांनी सही करून दिलं. मॅडम फार मायाळू आहेत, असं रुख्मिणीने घरी जाऊन सांगितलं होतं.

शिष्यवृत्ती डॉक्टर एस्तेर रणपिसे यांची होती. त्यांचे वडील त्या लहान असताना वारले. कुणाच्या तरी देणगीवर शिकून त्या डोळ्यांच्या डॉक्टर झाल्या आणि आता वडिलांच्या नावाने वडील नसलेल्या मुलींना शिकवत होत्या. फी, वसतिगृह, जेवण, पुस्तकं, सगळं. ज्या शिक्षकांना सरकारी पगार नव्हता, त्यांचा पगारही त्यांच्याच देणगीतून व्हायचा. विजयमाला मॅडमचाही.

पंकजाला हे पहिल्याच वर्षी कळलं होतं. वसतिगृहाच्या भिंतीवर 'पितृहीन कन्यांसाठी' अशी पाटी होती. ती गप्प राहिली. गेल्या आठवड्यात आईला सभेचं बोलावणं गेलं, तेव्हा ती मॅडमच्या खोलीत येऊन रडली आणि वडील जिवंत असल्याचं तिने सांगितलं.

"खरंच सांगून टाकलं तर?" रुख्मिणीने विचारलं.

मॅडमनी हात पुसले. "देणगी फक्त वडील नसलेल्या मुलींसाठी आहे, ताई. खरं सांगितलं की पंकजाची बंद होईल. माझी सही आहे, म्हणजे माझी नोकरीही जाईल. माझं राहू द्या. तुम्ही पंकजाचं बघा."

पंकजाचं काय होईल, ते रुख्मिणीला सांगायची गरज नव्हती. सोनपेठचं स्थळ तयारच होतं. मुलगा तोडीला जाणारा. लग्न झालं की नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळीत माणसं अशीच मोजतात.

"चालंल," ती म्हणाली. "पण एक सांगते. माझ्या तोंडानं मी त्यायला मेले म्हणणार न्हाई."

"नका म्हणू. नुसतं गेले म्हणा."

"ते तर जातेतच दरसाली."

बाहेरून दार वाजलं. पंकजाने फटीतून पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला.

"आबा, तुमाला गेटच्या भायेर थांबा म्हणलं हुतं ना!"

मुंजाजी आत आला. मोटारसायकलवरून मायलेकींना त्यानेच आणलं होतं. गळ्यात टॉवेल, डोळे उन्हाने लाल. त्याने चहूकडे बाटल्या पाहिल्या, मग वर पंखा पाहिला. पंख्याच्या पात्यावर कुणा कैलासवासीचं नाव रंगवलेलं होतं.

"पाण्याच्या टाकीवर बी एका मेलेल्याचं नाव हाय, बाकड्यावर बी हाय," तो म्हणाला. "हितं जित्याला कोण इचारतंय?"

त्याने बायकोचा साबणाने माखलेला हात पाहिला.

"निघना व्हय?"

"न्हाई."

"आन इकडं."

त्याने तिचा हात टेबलावर घेतला. टॉवेल काढून तिच्या मनगटाभोवती आत सरकवला, म्हणजे काच लागायची नाही. मग परीक्षानळी धरायचा लोखंडी चिमटा उचलला. मॅडम खिडकीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

"अवो, तुमच्या हातानं नगं," रुख्मिणी म्हणाली. "आक्रीत हाय ते."

"तुज्या हातानं केलं तर कापून घेशील. कोपऱ्याला तोंड कर, बगू नको."

एकेक बांगडी चिमट्यात धरून तो दाबत गेला. बारीक आवाज होत होता. ऊस कुठे धरावा, कोयता कुठे घालावा हे जसं त्याला विचार न करता कळायचं, तसाच तो हे करत होता. मध्येच म्हणाला, "मेल्याची खबर उठली की आयुष्य वाढतंय म्हणतेत. लय वर्सं जगतो आता मी. तुला तरास."

"गप बसा."

मंगळसूत्र तिने स्वतः काढलं आणि पंकजाच्या एप्रनच्या खिशात टाकलं. कुंकू मॅडमच्या रुमालाने पुसलं. कपाळावरचा गोंदणाचा हिरवा ठिपका तेवढा राहिला. पंकजा जवळ येऊन तो बोटाने चोळू लागली.

"ते निघत न्हाई, बाई," रुख्मिणी म्हणाली. "ते चितेवरच जातंय."

पंकजाने बोट मागे घेतलं. मग बापाकडे न बघता म्हणाली, "आबा, आता जावा. कोणी इचारलं तर चुलता हाय म्हणा."

"सख्खा का चुलत?" मुंजाजीने विचारलं.

तो बाहेर गेला.

तो गेटपर्यंत पोचलाच नाही. प्राचार्य व्हरांड्यात होते. शिस्तीचे आणि सज्जन गृहस्थ. त्यांनी विचारलं, आपण कोण? पंकजाचा चुलता, असं मुंजाजी म्हणाला. "मग उन्हात का? भावाच्या माघारी तुम्हीच तर सांभाळलंत," असं म्हणून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सभागृहात नेऊन शेवटच्या रांगेत बसवलं.

रुख्मिणीने व्यासपीठावरून त्याला पाहिलं तेव्हा उठून काही करता येण्यासारखं नव्हतं. तिच्या शेजारच्या खुर्चीवर डॉक्टर रणपिसे येऊन बसल्या होत्या. केस पांढरेशुभ्र, साडी साधी, चष्म्यामागचे डोळे मऊ. त्यांनी रुख्मिणीचा उघडा हात आपल्या हातात घेतला. कुजबुजल्यासारखं विचारलं, "कधी गेले हो?"

"दिवाळी झाली अन् गेले."

"अचानक?"

"न्हाई. ठरल्यालंच हुतं."

डॉक्टरांनी मान हलवली. असे आजार त्यांना माहीत होते. "जाताना त्रास झाला का?"

"थंडी लय हुती. घोंगडं दिलं म्या संगं."

इकडची रीत असेल, असं डॉक्टरांना वाटलं असावं. "काही बोलले का?"

"पोरीची शाळा मोडू नको म्हणले."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पदराने डोळे टिपले. रुख्मिणी समोर बघत राहिली. ती अजून एकही शब्द खोटं बोलली नव्हती. एवढं निभावलं तर नवऱ्याच्या केसाला धक्का लागायचा नाही, असं तिने मनाशी धरलं होतं.

सभेत आधी प्रार्थना झाली, मग एक गीत. मग मुली ओळीने येऊन आपापली हकिगत सांगू लागल्या. कुणाचे वडील विहिरीत, कुणाचे अपघातात. प्रत्येकीनंतर टाळ्या. पंकजाने हकिगत दोनच वाक्यांत संपवली आणि पुढे रसायनशास्त्रात काय करायचं आहे, ते नीट, ठळक आवाजात सांगितलं. तिला सगळ्यांत जास्त टाळ्या मिळाल्या. शेवटच्या रांगेत मुंजाजीही टाळ्या वाजवत होता. हात वर धरून.

मग डॉक्टर बोलायला उठल्या. कागद न घेता बोलल्या. पंकजाचं तिसरं वर्ष आणि त्यापुढचं एमएस्सीचं शिक्षणही त्या बघणार होत्या. विजयमाला मॅडमना त्यांनी पीएचडीसाठी मदत जाहीर केली, कारण अशा मुली शोधून काढणारी शिक्षिका त्यांना हवी होती. मॅडम पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. प्राचार्यांनी त्यांना उभं राहायला लावलं. त्या उभ्या राहिल्या आणि पुन्हा बसल्या.

"दर वर्षी मी इथे फक्त माझ्या वडिलांसाठी प्रार्थना करते," डॉक्टर म्हणाल्या. "आज या ताईंशी बोलले आणि वाटलं, आपली दुःखं वेगळी नाहीत. लेकीची शाळा मोडू नको, हे ज्याचे शेवटचे शब्द, त्या बापाचंही नाव आज माझ्या वडिलांच्या नावाशेजारी घेतलं जावं." त्या माइक घेऊन रुख्मिणीजवळ आल्या. "ताई, ते नाव तुम्हीच घ्या. देवापुढे घ्या."

रुख्मिणीने ते नाव लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कधी नाही. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, कुठेही विचारलं तर ती शेजारणीला सांगायला लावायची. नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिला ठाऊकच होतं.

तिने पंकजाकडे पाहिलं. लेकीने सांगितलं तरी चाललं असतं. पंकजा आपल्या चपलांकडे बघत होती.

तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडमचे डोळे मिटलेले होते.

"घ्या ना, ताई," डॉक्टर अगदी हळू म्हणाल्या. "मी आहे ना."

माइकमध्ये रुख्मिणीच्या श्वासाचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मुंजाजी."

शेवटच्या रांगेत मुंजाजी चटकन उभा राहिला. मुकादम पहाटे फडावर नाव पुकारतो तेव्हा उठावं, तसा. 'हाय,' असे त्याचे ओठ हलले. एवढ्या मोठ्या सभागृहात तो एकटाच उभा होता, आणि माना त्याच्याकडे वळू लागल्या होत्या.

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आपण सगळेच उभे राहू या. त्यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी एक मिनिट."

खुर्च्या सरकल्या. सगळे उठले. मुंजाजीने आधी व्यासपीठाकडे पाहिलं, मग शेजारच्या माणसाकडे. त्या माणसाने हात पुढे बांधले होते, मान खाली घातली होती. मुंजाजीनेही हात पुढे बांधले आणि मान खाली घातली.