बॉनेटखालच्याला हार कोण घालणार?

मी एक जुनं, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. नांदेडला नासिरमियाँच्या गॅरेजात एका झिजलेल्या टायरवर बसून असतो. मित्रांनो, माझा स्वभाव जरा जळका आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आम्हा भावंडांचा साचा एकच, पण गाड्या वेगवेगळ्या. कुणी ऐटदार मोटारीत गेलं, कुणी मिनीबसमध्ये, कुणी टेम्पोत. माझ्या वाट्याला किल्लारीच्या शेषेरावांची काळीपिवळी जीप आली. आत माणसं, मागे लोंबकळणारी माणसं, टपावर पोती. मोटारीतल्या भावाची आठवण झाली की मी धूर ओकायचो.

भूकंप झाला त्या दिवशी जखमींना घेऊन आम्ही लातूरच्या खेपा केल्या. मी एकदाही बंद पडलो नाही. दसऱ्याला शेषेरावांच्या बायकोनं, साखराबाईंनी, जीपला हात जोडले. "माझं लेकरू वाचिवलंस माय," म्हणाल्या आणि हार बॉनेटवर ठेवला. बॉनेट उघडून कुणी पाहिलंच नाही. मला फार लागलं ते.

पुढे जीपचा पत्रा सडला. नासिरमियाँनी मला काढून आणलं आणि म्हणाले, "चांगली बॉडी भेटू दे, तुला परत रस्त्यावर काढतो." त्या शब्दावर मी दिवस काढत होतो.

दारावरून रोज कोचिंग क्लासची मिनीबस जायची. आत माझाच भाऊ. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं त्याच्या जिवावर फिरायची. निकाल लागला की गाडीला फुगे काय, झेंडूची तोरणं काय! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एके दिवशी तीच बस वाफा टाकत, लोकांनी ढकलत गॅरेजात आणली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

"पानी बघितलं व्हतं का?" नासिरमियाँनी विचारलं.

"न्हाई," ड्रायव्हर भागवत खाली मान घालून म्हणाला. "उद्या पोरांची परीक्षा हाय, नासिरभाई."

"हेड फुटलं, सिलिंडरवरचं झाकणच गेलं. नवीन आज भेटत न्हाई." मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "ह्याचं बसतंय. साचा एकच हाय."

"मग ह्याचं काय?"

नासिरमियाँ पाना घेऊन माझ्याजवळ बसले.

आता माझे चारही सिलिंडर उघडे आहेत, वर एक फडकं टाकलंय. मी पुन्हा सुरू होणार नाही. बस रोज जाते आणि हेवा पूर्वीपेक्षा जास्तच वाटतो. तरीही मित्रांनो, गाडी काढण्याआधी बॉनेट उघडत जा. पाणी बघा, ऑईल बघा. माझ्या भावाला तापू देऊ नका. द्यायला माझ्याजवळ आता दुसरं हेड नाही.