बाजेवरचा हिरवा पाला

मित्रांनो, चकलांब्याच्या तळ्याकाठी लिंबाच्या सावलीत एक जुनी बाज पडली आहे ना, ती मी. माझे पाय बाभळीचे आणि वीण घायपाताच्या दोरीची. फकीरचाचांनी मला विणले, तेव्हा दोरी ताणताना ते गुणगुणत असत. अजूनही वारा आला की मला ते गुणगुणणे ऐकू येते.

मग दुष्काळ आला. तळे आटून मधोमध एक डोह उरला. गावातल्या बायकांच्या मासेपालन संस्थेने त्यात माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, जपली होती. ती जगली नाहीत, तर बायकांना कोयता घेऊन ऊसतोडीला जावे लागणार होते. बाहेरून येणारे माशांचे खाद्य बंद झाले. संस्थेच्या अध्यक्ष ताराबाईंनी शेवग्याचा पाला वाळवून, त्यात पेंड मिसळून गोळ्या केल्या. पाला पत्र्यावर कडक उन्हात वाळायचा. दुपारपर्यंत कुरकुरीत व्हायचा, पण पिवळा पडायचा.

माशांना खाऊ घालणाऱ्या मदिनाबी एकदा म्हणाल्या, "तारा, ह्यो पाला हाय का कडबा? मासे खातेत, पन अंगी लागंना. लई बारीक राह्यलेत."

"वाळला म्हंजे झालं. कावून घोर लावून घेतीस?" ताराबाई म्हणाल्या.

एके दिवशी पत्र्यावर जागा पुरली नाही. उरलेला पाला मदिनाबींनी माझ्यावर पातळ पसरला. दोऱ्यांमधून खालचा वारा वर यायचा आणि पाने हलायची. डोळे मिटले की वाटायचे, माझ्या विणीतून हिरवे मासे पोहत आहेत. पाला सावकाश वाळला, पण हिरवाच राहिला.

"आता बघूच," मदिनाबी म्हणाल्या. त्यांनी डोहात दोन जाळ्या बांधून दोन्हींत सारखीच बोटुकली सोडली. एकीत उन्हातल्या पाल्याच्या गोळ्या टाकल्या, दुसरीत सावलीतल्या. काही आठवड्यांनी जाळ्या उचलल्या, तेव्हा सावलीचा पाला खाल्लेली बोटुकली पाठीला भरली होती, लखलखत होती.

ताराबाई माझ्या काठावर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आपूनच माशांच्या तोंडचा घास उन्हाला देत होतो की गं."

संध्याकाळपर्यंत घराघरांतून बाजा आल्या. माणसे जमिनीवर निजू लागली आणि आम्ही लिंबाखाली रांगेने हिरवा पाला अंगावर घेऊन पडलो. कुठे थर जाड झाला की बुरशी धरायची, म्हणून बायका हाताने पाला परतत राहायच्या. किती हलके हात होते ते!

पाऊस उशिरा आला, पण तळे भरले. डोहातले धष्टपुष्ट मासे तळ्याभर पसरले. त्या वर्षी संस्थेतली एकही बाई ऊसतोडीला गेली नाही.

आता पाला वाळवायला यंत्र आले आहे. माझी वीण सैल झाली आहे, एक पाय डगमगतो. मित्रांनो, तुमच्या घरी अशी बाज असेल तर तिला चुलीत घालू नका. नवी दोरी भरा, सावलीत टाका, वर मेथी पसरा, शेवगा पसरा. घाई करू नका. पानांतला हिरवा जीव फार नाजूक असतो, आणि पुढे कुणाचे तरी पोट त्याच्यावरच भरणार असते.