उघड्या फ्रीजपुढचं महाबळेश्वर

ही १९७९ सालातली गोष्ट. त्या मे महिन्यात नाशिकच्या एका कॉलनीतला पहिला फ्रीज भिमाजी पगारे यांच्या घरी आला. कचेरीत हेडक्लार्क असलेल्या भिमाजींनी तो बाहेरच्या खोलीत मांडला, त्यावर बायकोनं विणलेला रुमाल घातला आणि कुलूप लावून किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

"बायका सारखं दार उघडतात. गार निघून जातं," ते म्हणायचे.

त्यांच्या बायकोला, साळूबाईंना, ती किल्ली हवीच होती. त्या रोज सकाळी मोगऱ्याच्या कळ्यांचे गजरे करून पंचवटीत विकायच्या. उरलेल्या कळ्या दुपारच्या उन्हानं उमलून पिवळ्या पडत, संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला द्यायला काही राहत नसे. इकडे फ्रीजमध्ये मात्र तीन बाटल्या पाणी आणि पाहुण्यांना दाखवायचा बर्फ!

एका रविवारी शेजारचे कोंडाजी मास्तर सरबताला आले. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. साळूबाई भाबडा चेहरा करून नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, एवढं गार निघून जातं, तर दार उघडंच ठेवू. खोली नाही का गार व्हायची?"

"न व्हायला काय झालं? महाबळेश्वर होईल!"

"आणि नाही झालं तर?"

"तर किल्ली तुझी."

मास्तरांना एकदम खोकल्याची उबळ आली.

खिडक्या लावल्या, फ्रीज उघडला. मास्तरांनी भिंतीला थर्मामीटर टांगला. सुरुवातीला पायांना गारवा लागला तेव्हा भिमाजी "शाल आण गं" म्हणाले. मग मोटार जी घुरघुरू लागली ती थांबेचना. तासाभरात भिमाजींचा सदरा पाठीला चिकटला आणि पारा दीड अंशानं वर चढला.

"बिघडलाय हा!"

"नाही हो," साळूबाई म्हणाल्या. "जरा त्याच्या पाठीला हात लावा."

भिमाजींनी मागच्या जाळीला हात लावला आणि चटकन मागं घेतला.

"मी तिथं रोज फडकी वाळवते," साळूबाई म्हणाल्या. "माठाचं पाणी पाझरून उडून जातं ना, ते जाताना ऊब घेऊन जातं. तसंच ह्याच्या नळ्यांतलं औषध आत उडतं आणि तिथली ऊब उचलतं. मोटार त्याला दाबून मागं आणते, तिथं ते पुन्हा पातळ होतं आणि ऊब टाकून देतं. घरातला केर काढून मागच्या कोपऱ्यात टाकल्यासारखं. दार बंद आहे तोवर कपाट तरी स्वच्छ. उघडलं की तोच केर परत आत! वर झाडणाऱ्याला घाम येतो तो वेगळा."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"मास्तरांनी. गेल्याच सोमवारी."

"मास्तर!"

"फी घेतली हो," मास्तर म्हणाले. "आमच्या मंडळींना दोन गजरे."

भिमाजींनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढून दिली.

पुढं साळूबाई संध्याकाळीही पंचवटीत बसू लागल्या आणि सहा वर्षांनी त्यांनी तिथं फुलांचं दुकान घातलं. मास्तर मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले आणि दिंडोरीला मुलाकडे राहायला गेले. भिमाजी पेन्शनीत निघाल्यावर बायकोच्या दुकानात बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फ्रीज कसा चालतो ते समजावून सांगायचे, अगदी स्वतःच शोधून काढल्याच्या थाटात. साळूबाई मान खाली घालून गजरा ओवत राहायच्या.